जुन्या धोतराची सहावी आवृत्ती

आमच्या घरात ‘व्हर्जन’ हा शब्द मी आणला आणि माझ्या सासऱ्यांनी तो महिनाभरात घराबाहेर काढला. पण त्या पावसाळ्यात सासू-सासऱ्यांनी मला माझंच काम असं काही शिकवलं, की आजही ऑफिसात कुणी मोठमोठे शब्द फेकायला लागलं की मला सासूबाईंच्या शिलाई मशीनची खडखड ऐकू येते.

मी मूळची अमरावतीची. नोकरीसाठी पुण्यात आले, लग्न करून कोथरूडची झाले आणि कामाला रोज खराडीला जाते, म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग सिग्नलला उभी असते. काम सॉफ्टवेअरच्या कंपनीत, पण कोड लिहायचं नाही. एखादी वस्तू परिपूर्ण होईपर्यंत बसून राहायचं नाही. पंधरा दिवसांत अर्धीकच्ची का होईना, वापरता येईल अशी करायची, वापरणाऱ्याच्या हातात द्यायची, तो काय बोंब मारतो ते ऐकायचं आणि पुन्हा करायची, हे लोकांच्या गळी उतरवण्याचा मला पगार मिळतो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे मी एकदा समजावून सांगितलं. धिरड्याचा तवा पुसत त्या म्हणाल्या, “पहिलं धिरडं बिघडतं एवढं सांगायला एवढी मोठी बिल्डिंग लागते?”

बाबा, म्हणजे सासरे, तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले. शहरातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफरीडर होते. निवृत्त झाले तरी लाल पेन काही सुटलं नाही. लग्नपत्रिका, सोसायटीची परिपत्रकं, औषधाच्या बाटलीवरचा कागद, सगळं दुरुस्त करून ठेवायचे. मीही त्यातून सुटले नाही. नवी नवरी असताना मी म्हटलं होतं, “बाबा, मी पोळ्या करून राहिले.” ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, “करते आहेस की राहते आहेस? एक काय ते ठरव.” मला महिनाभर राग होता. नंतर कळलं, ज्याच्याशी बोलायचं असतं त्याच्याच चुका ते काढतात.

त्या वर्षी ज्येष्ठात बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. पण नळी काढल्यावर लघवीवरचा ताबा काही परत आला नाही. खोकला आला, वाकले, खुर्चीतून उठले, की थोडी जायची. डॉक्टर म्हणाले, काही महिने लागतील, कदाचित वर्षही. व्यायाम करा, तोवर डायपर वापरा. माझा नवरा ते वर्षभर कंपनीच्या कामाने चेन्नईला होता, म्हणून पाकीट मी आणलं. आठ दिवसांत बाबांच्या जांघेत लालभडक पुरळ उठलं. शिवाय वापरलेला डायपर टाकायचा कुठे, हा प्रश्न. आमच्या सोसायटीत कचरा ‘ओला’, ‘सुका’ आणि ‘इतर’ अशा तीन डब्यांत जातो, आणि सेक्रेटरी रोज सकाळी स्वतः झाकणं उघडून बघतात. बाबा म्हणाले, “माझी गणना ‘इतर’मध्ये झालेली मला चालणार नाही.” त्या विषयावर ते तेवढंच बोलले. पाकीट कपाटात गेलं आणि बाबा घरात बसले.

टेकडीवरचं फिरणं बंद झालं, वाचनालय बंद झालं. कुणी विचारलं तर “कंबर धरलीय” एवढं उत्तर. दर तासाला न्हाणीघरात जायचे, पायजमा बदलून यायचे, ओला पायजमा स्वतः धुवायचे आणि बाल्कनीत अगदी आतल्या दोरीवर, चादरीच्या मागे वाळत घालायचे. आम्ही दोघी बघून न बघितल्यासारखं करायचो. माझ्या माहेरी अशा गोष्टीवर आरडाओरडा झाला असता, रडारड झाली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मोकळं झालं असतं. इथे सगळं शांत होतं, आणि त्या शांततेने माझं डोकं फिरायची पाळी आली होती.

आषाढाच्या अखेरीस एक दिवस कोथिंबीर निवडताना आई हळूच म्हणाल्या, “यंदा भाऊबीजेला जायचं नाही म्हणतायत.”

बाबांना एकच बहीण. त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, बिबवेवाडीला मुलाकडे राहते. तिच्याकडची भाऊबीज बाबांनी जन्मात चुकवली नव्हती. ताप अंगात घेऊन गेले होते, छापखान्यात रखडलेल्या दिवाळी अंकांची धावपळ असताना अर्ध्या तासाची सुट्टी काढून गेले होते, लॉकडाऊनच्या वर्षी तर दाराबाहेर उभं राहून, मास्क लावून ओवाळून घेतलं होतं. आई कोथिंबिरीच्या काड्या उगीचच बारीक मोडत होत्या. म्हणाल्या, “एकदा ते नाही गेले ना, की मग कुठेच जाणार नाहीत गं. ही चार भिंतींची सवय लागते माणसाला.”

मला दुःखाच्या आधी राग येतो. आणि राग आला की माझं पुणेरीपण गळून पडतं. मी म्हटलं, “काऊन नाही जाणार? जातील! आपण करू नं काहीतरी.” आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि निवडलेली कोथिंबीर बाजूला सारून आतल्या खोलीतली ट्रंक उघडली.

ट्रंकेत होतं काय, तर बाबांची विरलेली धोतरं, आईंच्या सुती साड्या, टर्किश टॉवेलचे तुकडे. आईंची अट एकच, नवीन काही आणायचं नाही. त्यात काटकसरीपेक्षा अक्कल होती. “शंभरदा धुतलेल्या कापडाइतकं मऊ काही नसतं. पोरांना दुपटी, लंगोट आम्ही यातूनच केले. नवं कापड चावतं.” मला हुरूप आला. मी वही काढली, समास आखला आणि वर लिहिलं, ‘स्प्रिंट एक’. आईंनी विचारलं, स्प्रिंट म्हणजे काय. मी सांगितलं, पंधरा दिवसांत जे जमेल ते करून दाखवायचं. त्या म्हणाल्या, “मग पंधरवडा म्हण की.” आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटींवर बोट ठेवून मोजायला लागल्या. श्रावण शुद्ध, श्रावण वद्य, भाद्रपदाचे दोन, आश्विनाचे दोन. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. आमच्या हातात सहा पंधरवडे होते. जगातली एवढी मोठी पद्धत आमच्या पंचांगात अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने आधीच बसवलेली होती, हे बघून मी ‘स्प्रिंट’ खोडून ‘पंधरवडा’ लिहिलं.

पहिली वस्तू चार दिवसांत तयार झाली. आत धोतराची घडी, मध्ये टॉवेल, बाहेरून माझ्या फाटक्या रेनकोटचं कापड, कडेला नाड्या. आईंनी तिच्यावर आमटीच्या वाटीने पाणी ओतलं. पाऊण वाटी जिरलं, खालचा कागद कोरडा. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आईंनी ती घडी करून बाबांच्या पायजम्यांवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खोलीतून बाहेर आले आणि पावलागणिक कुर्र, कुर्र असा आवाज यायला लागला. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत ते तसेच आले, आवाजासकट पाणी प्यायले, आवाजासकट परत गेले. मी आणि आई भाजीत डोकं घालून उभ्या. दुपारी ती वस्तू धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारखी घडी घालून शिलाई मशीनवर परत आली होती. अभिप्राय कळला, पण मला तो शब्दांत हवा होता, कारण माझ्या धंद्यात तसं लागतं. म्हणून मी मूर्खपणा केला. एक छापील अर्ज केला. आराम कितपत, एक ते पाच. गळती झाली का, कुठून. इतर सूचना. आणि पेनासकट न्हाणीघराच्या दारामागे लावला.

संध्याकाळी अर्ज जेवणाच्या टेबलावर होता. एकाही रकान्यात खूण नव्हती. पण ‘अभीप्राय’मधली वेलांटी ऱ्हस्व झाली होती, ‘क्रुपया’चं ‘कृपया’ झालं होतं, दोन ठिकाणी स्वल्पविराम पडले होते आणि खाली लाल अक्षरांत बाबांची बारीक टीप होती, ‘मजकूर तपासला.’

मी चिडले होते खरी, पण तो कागद मी जपून ठेवला आहे. ज्या माणसाला चारचौघांत मान वर करायची लाज वाटत होती, त्याने माझा तो निलाजरा कागद फाडला नव्हता. वाचला होता, आणि सुधारून परत दिला होता.

श्रावण वद्यात आईंनी मोडकी छत्री उसवली. छत्रीचं कापड आवाज करत नाही. या वेळी त्यांनी टॉवेलचे थर वाढवले आणि सगळं चारी बाजूंनी घट्ट टाचून टाकलं. दोन वाट्या पाणी आरामात राहिलं. पण त्या हवेत ती गादी वाळेना. तीन दिवस पंख्याखाली ठेवली तरी दमटच, आणि वास यायला लागला. शिवाय उजव्या बाजूने थोडं बाहेर येत होतं. हे आम्हाला बाबांनी सांगितलं नाही, धुण्यातून कळलं. मी आपली ऑफिसच्या सवयीने एकेक अडचण पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची आणि फ्रिजवर चिकटवायची. ‘गळती : उजवी बाजू.’ ‘वाकल्यावर गळती वाढते.’ ‘व्हर्जन २ : तीन दिवसांनीही ओल.’

गणपतीच्या आधी सेक्रेटरी आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हातात आरतीच्या वेळांचं परिपत्रक. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांची नजर फ्रिजवर गेली. चष्मा वर करून त्यांनी एकेक चिठ्ठी नीट वाचली. आईंच्या हातातली पळी कढईत थांबली.

“अहो, घरात गळती आहे आणि तुम्ही सोसायटीला कळवलं नाही?” सेक्रेटरी हॉलकडे वळून म्हणाले. “वरच्या फ्लॅटमधून येतेय का?”

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर हलला नाही. मला वाटलं, आता हे उठून खोलीत जातील आणि पुन्हा कधी बाहेर येणार नाहीत. आणि याला कारण मी, माझ्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या.

“वरून नाही,” पेपरच्या मागून आवाज आला. “बांधकामच जुनं झालंय.”

“मग प्लंबर पाठवू का? माझ्याकडे चांगला आहे.”

“नको. प्लंबरनेच करून ठेवलंय हे.”

“तरी वॉटरप्रूफिंग करून घ्याच. पुढे त्रास होतो.”

“त्यासाठीच तर छत्री फाडलीय,” बाबा म्हणाले.

सेक्रेटरींनी छत्रीचा काय संबंध, अशा चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं, पाणी संपवलं आणि गेले. दार लागलं. मग पेपर खाली आला, आणि मी बघितलं तर बाबांचे खांदे हलत होते. हसत होते ते. आईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही तिघं इतकं हसलो की बाबांना मधेच उठून न्हाणीघरात पळावं लागलं, आणि जाताना ते मोठ्याने म्हणाले, “हसल्यावरही होते. चिठ्ठी लिही!”

एवढी हिंमत मी कुणात पाहिलेली नाही. चार दिवसांनी सोसायटीच्या फलकावर ‘सभासदांनी गळतीची माहिती दडवू नये’ अशी सूचना लागली. बाबांनी तिच्यातलं शुद्धलेखनही तपासलं म्हणे, पण ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

सेक्रेटरी येऊन गेले त्याच दिवशी संध्याकाळी बाबा आपणहून मशीनपाशी येऊन बसले. आधी माझ्या वहीत ‘व्हर्जन’ दिसेल तिथे काट मारली. “आपल्याकडे याला आवृत्ती म्हणतात,” म्हणाले. “ही दुसरी आवृत्ती. आता सुधारून तिसरी.” त्या दिवसापासून त्या वस्तूला आमच्या घरात आवृत्ती हेच नाव पडलं. डायपर हा शब्द ज्या तोंडून कधी निघाला नाही, त्याच तोंडून “माझी आवृत्ती वाळली का गं?” असं खुशाल येऊ लागलं.

मग त्यांनी ती दमट गादी हातात घेऊन उलटसुलट केली आणि आईंना म्हणाले, “हे चारी बाजूंनी कशाला शिवलंस? पुस्तक बांधताना पानं एकाच बाजूला शिवतात. म्हणून ती उलटता येतात. हेही एकाच कडेला शिव. धुतलं की पानं मोकळी करून टांग, वारा आत जाऊ दे.” आईंनी त्यांच्याकडे बघितलं, कात्री घेतली आणि तीन कडा उसवल्या. दुसऱ्या दिवशी दोरीवर धोतराची, साडीची, टॉवेलची पानं एकेक सुटी फडफडत होती आणि दुपारच्या आत वाळली. आतली दोरी नव्हे, बाहेरची, रस्त्यावरून दिसणारी. ती आईंनी निवडली होती आणि बाबा काही म्हणाले नाहीत.

मी नोकरीत कितीतरी हुशार माणसं पाहिली, पण एका माणसाने आयुष्यभर केलेलं काम त्याच्या अडचणीच्या वेळी असं उपयोगी पडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पद्धत होती, पण अडलेल्याला स्वतः कामाला बसवायचं ही खरी युक्ती मला साधलीच नव्हती. ती सेक्रेटरींच्या गैरसमजाने साधली.

पुढे पितृपक्ष आला आणि आईंनी मशीनवर कापड टाकलं. “पितरांच्या पंधरवड्यात नवं काही करायला घेत नाहीत.” मी पुन्हा तापले. भाऊबीज पुढ्यात, आणि पंधरा दिवस वाया घालवायचे? माझा आवाज चढला, आई घुम्या झाल्या. शेवटी बाबाच म्हणाले, “अगं, यात नवं काय आहे? धोतर माझं वीस वर्षांचं, साडी तुझी मुलगा शाळेत जायला लागला तेव्हाची, छत्री मोडकी आणि आत घालणारा मी. सगळा जुनाच माल.” आईंनी कापड काढून मशीनला तेल घातलं.

नवरात्रात बाबा बाहेर पडायला लागले. आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, मग एकदा बसने दोन थांबे जाऊन परत. प्रत्येक फेरीनंतर वहीत त्यांच्या अक्षरात एक ओळ. ‘चढ चढताना ठीक. शिंकेला दगा.’ चौथी आवृत्ती घालून ते वाचनालयात गेले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. तासाभराने परत आले ते शर्ट बाहेर काढून, पुढे पिशवी धरून. टेबलाशी बसून वाचताना गेली होती, पँटवर डाग पडला होता, आणि शेजारी बसलेल्या मुलीने खुर्ची सरकवली होती. हे त्यांनी सांगितलं ते नंतर. त्या दिवशी ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही वही उघडली नाही. जेवणाला आले, आईंना म्हणाले, “बहिणीला फोन करून सांग, यंदा नाही जमत.” आईंनी “बरं” म्हटलं आणि फोन केला नाही.

मी वेळोवेळी लोकांना सांगत आले होते, की अपयशातून शिकायचं असतं, लवकर चुकावं, स्वस्तात चुकावं. त्या दोन दिवसांत मला त्या वाक्याची लाज वाटली. त्या खुर्चीच्या सरकण्याला स्वस्त कोण म्हणेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी आई चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसल्या आणि सरळ विचारलं, “बसला होतात कसे?” बाबांनी उजवा पाय डाव्यावर टाकून दाखवला. वाचताना ते नेहमी तसेच बसतात, चाळीस वर्षांची सवय. पाय वर टाकला की मांडीपाशी कापड उघडं पडत होतं. आईंनी जागेवरच बोटांनी अंदाज घेतला. म्हणाल्या, “सरळ पट्टी नको इथे. उरेब लावते.” कापड तिरकं कापून केलेली पट्टी, ती अंगाबरोबर ताणते आणि परत बसते, इलॅस्टिकसारखी काचत नाही. त्यासाठी त्यांनी एक सुती साडी काढली, फिकट जांभळी, अजून नेसता येण्यासारखी. मी म्हटलं, “आई, ही तर चांगली आहे.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच.” आणि ती तिरकी कापली.

पाचवीत थोडी खोट राहिली, सहावी टिकली. बाबा वाचनालयात गेले, पायावर पाय टाकून दोन तास बसले आणि कोरडे परत आले. वहीत लिहिलं, ‘सहावी सुधारित आवृत्ती. छपाईस हरकत नाही.’ मी खुर्चीतच उडी मारली. फराळाच्या रामरगाड्यातही मशीन चालूच राहिली. मला वाटलं, बाबांसाठी जास्तीच्या करतायत.

भाऊबीजेला आम्ही तिघं बसने निघालो. रिक्षा करू म्हटलं तर बाबा म्हणाले, बसनेच. गर्दी होती, स्वारगेटच्या अलीकडे बस अर्धा तास अडकली, आणि मी सारखी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते खिडकीतून एका फलकाकडे बघत होते. “शुभेच्छामधला च खाल्लाय बघ,” म्हणाले. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आत्यांच्या, म्हणजे बाबांच्या बहिणीच्या, घरी त्या एकट्याच होत्या. सून भावाला ओवाळायला माहेरी गेली होती, मुलगाही सोबत होता. आत्या दाराशी आल्या, “ये दादा” म्हणाल्या आणि एवढंच म्हणून गडबडीने आत गेल्या. निरांजन लावलं. बाबांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. बाबांनी नेहमीसारखी तबकात साडी ठेवली आणि तिच्यावर कागदात गुंडाळलेलं एक पुडकं. म्हणाले, “साडी नंतर बघ. हे आत जाऊन उघड.”

आत्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी आईंकडे बघितलं, तर त्या भिंतीकडे बघत होत्या. मग मला कळलं, फराळाच्या गडबडीत मशीनवर कुणासाठी आवृत्त्या शिवल्या जात होत्या ते.

आत्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. “दादा,” म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” बाबा म्हणाले. “दोन वर्षं तू लग्नाला नाही, बारशाला नाही, आमच्याकडे नाही. विचारलं की गुडघे. पण फोन केला की दुसऱ्या घंटेला धावत येऊन उचलतेस. आधी मला ते कळलं नाही. मग मी स्वतः सगळ्यांना कंबर सांगायला लागलो, तेव्हा कळलं.”

आत्या तिथेच खाली बसल्या, फरशीवर, सरळ मांडी घालून, आणि रडायला लागल्या. सुनेला कधी सांगता आलं नाही, म्हणाल्या. मुलाला तर नाहीच. बाबा खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी बहिणीला जवळ घेतलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. नुसते बसून राहिले. मी आईंना दबक्या आवाजात विचारलं, “त्यांना आधी विचारलं का नाही? मला का नाही सांगितलंत?” आई म्हणाल्या, “विचारलं असतं तर गुडघेच म्हणाली असती. आणि तुला सांगितलं असतं, तर तू चिठ्ठ्या लावल्या असत्यास.”

जेवणं झाली. निघताना आत्या पुन्हा एकदा आत जाऊन आल्या आणि घरात घालायच्या चपला सोडून फडताळाच्या तळातल्या चपला शोधायला लागल्या. धूळ झटकली, कुलूप घेतलं आणि आमच्याबरोबर जिना उतरून बसथांब्यापर्यंत आल्या. बस आली, आम्ही चढलो, बाबांना खिडकीची जागा मिळाली. बस हलली. आत्यांनी हात केला आणि वळल्या, पण घराकडे नाही. पदर खोचून, रस्त्याच्या कडेकडेने, त्या दुसऱ्याच बाजूला बाजाराकडे चालायला लागल्या, एकट्या. बाबा मान वळवून बघत राहिले. मी रडत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, तरी मला थांबता आलं नाही. आत्या एका बांगड्यांच्या दुकानापुढे थांबल्या, कुणाशी तरी दोन शब्द बोलल्या आणि पुन्हा पुढे चालू लागल्या.